दोन पेट्या, एक मंदिर

उपाशी माणसाच्या पदरांत ख्रिस्ताच्या नांवानें धान्य पडतें, तेव्हां तें घालणारा हात कोणाचा समजावा? मंडळीचा, कीं मंडळीहून निराळ्या अशा एखाद्या धर्मादाय संस्थेचा? हा प्रश्न वरवर पाहतां कमिटीच्या दप्तरांतला वाटतो. परंतु खेड्यांत राहणाऱ्या आम्हां ख्रिस्ती लोकांच्या दाराशीं तो वारंवार येऊन उभा राहतो. दुष्काळांत अथवा पुरांत एखादी ख्रिस्ती संस्था मदत घेऊन येते, आणि दोन तऱ्हेची कुरकूर एकाच वेळीं ऐकूं येते. आमच्यांतले कांहीं म्हणतात, "संस्था ख्रिस्ती, पैसा ख्रिस्ती बांधवांचा, मग आधीं आमच्या वस्तीला कां नाहीं? सगळ्या गांवाला आमच्या बरोबरीनें कां?" आणि गांवांतले इतर म्हणतात, "हें धान्य नव्हे, गळाला लावलेलें आमिष आहे." ह्या दोन कुरकुरी एकमेकींच्या विरुद्ध दिसतात खऱ्या, पण निघतात त्या एकाच समजुतींतून. ती समजूत अशी कीं, दया ही मंडळीच्या मालकीची वस्तु आहे आणि मंडळीच्या फायद्यासाठींच ती खर्च व्हावयाची आहे. ही समजूत खरी आहे काय, हें आज पाहूं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जण लूथरन पंथाचे नाहींत. तथापि ह्या प्रश्नाचा विचार लूथरन मंडळ्यांस फार दीर्घ काळ व फार निरनिराळ्या प्रसंगीं करावा लागला आहे. पांचशें वर्षांत त्यांनीं दोन्ही टोकें पाहिलीं. कधीं दया मंडळीच्या व्यवहारांत इतकी मिसळून गेली कीं, गरिबांचा वांटा कोणता हेंच कळेना. कधीं ती मंडळीपासून इतकी दूर गेली कीं, संकटाच्या वेळीं तिला पाठीराखा उरला नाहीं. म्हणून त्यांच्या इतिहासांतील कांहीं प्रसंग येथें वाचकांपुढें ठेवितों.

प्रश्न मुळांत त्याहूनही जुना आहे. यरुशलेमेंतील पहिल्या मंडळींत, ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वांटणींत हयगय होते, अशी तक्रार उठली. तेव्हां प्रेषितांनीं वांटणी बंद केली नाहीं, आणि ती सर्वस्वीं आपल्या हातींही ठेविली नाहीं. मंडळीनें सात पुरुष निवडिले, प्रेषितांनीं प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेविले, आणि तें काम त्यांजकडे गेलें. काम करणारे हात निराळे झाले, पण निवड मंडळीची राहिली. एवढें सूत्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

जर्मनींत साक्सनी प्रांतांतील लाइसनिग ह्या लहानशा गांवानें १५२३ सालीं तेंच सूत्र पुन्हां हातीं धरिलें. तेथील मंडळीनें एक सामाईक पेटी ठेविली व तिच्या कारभाराचे नियम लिहिले. मार्टिन लूथरनें त्यांस प्रस्तावना लिहून ते छापविले. पेटीचे कारभारी दहा: दोन सरदारांपैकीं, दोन नगरसभेपैकीं, तीन गांवच्या नागरिकांपैकीं आणि तीन आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांपैकीं. पेटीला चार कुलुपें, आणि चार वर्गांकडे एकेक किल्ली. म्हणजे शेतकरी आल्यावांचून सरदारासही ती उघडतां येऊं नये! त्या एकाच पेटींतून पाळकाचा निर्वाह, शाळेचा खर्च, इमारतींची दुरुस्ती, आणि म्हातारे, अनाथ व अडचणींत सांपडलेले कारागीर ह्यांचें साहाय्य व्हावयाचें होतें. नियम उत्तम होते; पण नगरसभा जुन्या देणग्यांचें उत्पन्न पेटीच्या स्वाधीन करीना, आणि लूथरला फार निराशा सोसावी लागली. कुलुपें चार असलीं तरी पेटींत कांहीं पडलें पाहिजे, हा धडा तेथें पहिल्याच वर्षांत मिळाला.

लूथरचा सहकारी योहान्न बुगेनहागेन हा विटेनबर्गचा पाळक होता. १५२८ सालीं ब्राउनश्वाइग शहरासाठीं मंडळीचे नियम करितांना त्यानें एका पेटीच्या दोन केल्या: एक गरिबांची, दुसरी पाळक, शिक्षक व इमारती ह्यांच्या खर्चाची. दोहींचे कारभारी निराळे, दोहींचे हिशेब निराळे. आम्हांस ह्यांतील शहाणपण असें दिसतें कीं, पाळकाचा पगार आणि विधवेचें धान्य एकाच पेटींतून निघूं लागलें म्हणजे पगार ठरल्या दिवशीं निघतो व विधवेला उरलेंसुरलें मिळतें. पाळक दुष्ट असतो म्हणून असें घडतें, असें नव्हे. इमारतीचें गळकें छप्पर सर्वांच्या डोळ्यांवर येतें, आणि विधवेची रिकामी चूल तिच्या घरांत झांकलेली असते, म्हणून असें घडतें. परंतु बुगेनहागेननें गरिबांची पेटी मंडळीपासून दूर नेली नाहीं, हेंही पहावें. ती उपासनेच्या मंदिरांतच राहिली. जे देवाची स्तुति करावयास येत, त्यांच्या नजरेस ती दर आठवड्यास पडे. पेट्या दोन, पण मंदिर एक.

आतां दुसरें टोक पाहूं. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत कारखाने वाढले, शहरें फुगलीं, आणि अधिकाऱ्यांच्या शिस्तींत चालणाऱ्या मंडळीला त्या नव्या दारिद्र्याला हात घालतां येईना. तेव्हां विश्वासू माणसांनीं मंडळीच्या शासनाबाहेर आपल्या संस्था उभारिल्या. योहान्न हिनरिख विखर्न ह्यानें १८३३ सालीं हांबुर्गजवळ अनाथ व उनाड मुलांसाठीं आश्रम काढिला. थिओडोर फ्लीडनर ह्या पाळकानें व त्याची पत्नी फ्रीडेरिके हिनें १८३६ सालीं कायझर्सवेर्थ येथें सेविकांचें गृह स्थापिलें; पुढें फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं तेथेंच रोग्यांच्या शुश्रूषेचे धडे घेतले. १८४८ सालीं विटेनबर्ग येथील सभेंत विखर्ननें निक्षून सांगितलें कीं, प्रीति ही विश्वासाइतकीच मंडळीची आहे. त्या सभेंतून अशा सर्व संस्थांची मध्यवर्ती कमिटी निघाली. हजारों रोग्यांस, वेड्यांस, अपंगांस ह्या संस्थांनीं आश्रय दिला. परंतु हळूहळू मंडळ्यांना असें वाटूं लागलें कीं, दया करणें हें संस्थेचें काम, आणि आपलें काम रविवारीं उपासनेला येणें. इकडे संस्थांची मदार सरकारी पैशावर व सरकारी परवान्यांवर वाढत गेली.

ह्याची परीक्षा १९४० सालीं झाली. हिटलरच्या सरकारनें अपंग व मनोरुग्ण ह्यांना जगण्यास नालायक ठरवून मारण्याचें गुप्त काम सुरूं केलें. आश्रमांकडे छापील फॉर्म आले: प्रत्येक रोग्याचें नांव, आजार, आणि तो काम करूं शकतो किंवा नाहीं. पुष्कळ ख्रिस्ती आश्रमांनीं ते भरून दिले. सरकारी कागद भरावयाचा ही त्यांची नित्याची रीतच होती. मग मोटारी आल्या आणि माणसें नेलीं गेलीं. १९४० व १९४१ ह्या दोन सालांत त्या एका योजनेखालीं ७०,०००हून अधिक जीव घेतले गेले. लोबेटाल येथील आश्रमाचे चालक पाळक पाउल गेरहार्ड ब्राउने ह्यांनीं पुरावा गोळा करून जुलै १९४० मध्यें सरकारला सविस्तर निवेदन लिहिलें. ऑगस्टांत त्यांना कैद झाली व सुमारें अडीच महिने ते तुरुंगांत होते. बेथेलचे पाळक फ्रिट्स फॉन बोडेलश्विंग ह्यांनीं फॉर्म भरून देण्याचें नाकारिलें. असे पुरुष निघाले, ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानितों. पण ते थोडे होते, आणि त्यांच्या पाठीशीं मंडळ्यांचा जो मोठा आवाज उठावयास पाहिजे होता तो उठला नाहीं. हा दोष एकट्या संस्थांचा नव्हे. ज्या मंडळ्यांनीं आपलीं दुबळीं माणसें दुसऱ्याच्या स्वाधीन करून त्यांची विचारपूस सोडून दिली होती, त्यांचाही तो आहे.

तेव्हां कोणी म्हणेल, "मग संस्थाच नकोत, सर्व कांहीं मंडळीनें आपल्या हुकमतींत ठेवावें." ह्याला उत्तर आमच्याच देशांत मिळतें. १७०६ सालीं बार्थोलोम्यू त्सीगेनबाल्ग व हाइनरिख प्ल्युत्शाव हे तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीस उतरले. हिंदुस्थानांत आलेले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी लूथरन होते. त्सीगेनबाल्गनें शाळा काढिल्या, मुलांच्या अन्नवस्त्राची सोय केली, गरिबांकडे लक्ष दिलें. ह्यावर कोपनहेगन येथून मिशनचा कारभार पाहणाऱ्यांकडून ठपका आला कीं, हा सारा बाहेरचा पसारा आहे. प्रेषितांनीं असलें कांहीं केलें नाहीं. तूं वचन सांगत फीर. त्सीगेनबाल्गच्या उत्तराचा आशय असा होता कीं, आत्म्याची सेवा व शरीराची सेवा हीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत, एक सोडून दुसरी धरतां येत नाहीं. १७१९ सालीं, वयाच्या ३६व्या वर्षीं, तो तरंगमबाडीसच वारला. मंडळीचे अधिकारी दूर असले व हुकमत त्यांच्या हातीं असली, म्हणजे दयेचें काम त्यांना पसारा वाटूं शकतें, हें ह्यावरून दिसतें. हुकमत हा उपाय नव्हे.

उपाय कोणत्या दिशेला आहे हें दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इतिहासांत अधिक स्पष्ट होतें. १९४५ सालीं अमेरिकेंतील लूथरन लोकांनीं युरोपांतील उपाशी व बेघर लोकांसाठीं लूथरन वर्ल्ड रिलीफ ही संस्था काढिली. १९४७ सालीं स्वीडनांतील लुंड येथें निरनिराळ्या देशांतील मंडळ्यांनीं मिळून लूथरन जागतिक संघ स्थापिला. युद्धानें देशोधडीला लागलेल्यांत त्यांचेच बांधव लक्षावधि होते. तेव्हां प्रथम हात आपल्याच माणसांकडे गेला, हें स्वाभाविक होतें. पण तो तेथें थांबला नाहीं. १९४८च्या युद्धानंतर यरुशलेमेजवळ जैतुनाच्या डोंगरावरील ऑगस्टा व्हिक्टोरिया इस्पितळांत संघानें पॅलेस्टिनी निर्वासितांची शुश्रूषा हातीं घेतली. त्यांत मुसलमान बहुसंख्य होते. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानांतून सुमारें एक कोट माणसें हिंदुस्थानांत आलीं, तेव्हां बंगालच्या कूचबिहार भागांत संघाच्या वतीनें निर्वासितांची सेवा सुरूं झाली. संथाळांत काम केलेले नॉर्वेचे मिशनरी ओलाव होडने हे तिचे प्रमुख होते. अन्न, औषध व निवारा मिळालेले बहुतेक लोक हिंदु किंवा मुसलमान होते. त्याच कार्यांतून १९७४ सालीं लूथरन वर्ल्ड सर्व्हिस इंडिया उभी राहिली. पलीकडे बांगलादेशांत १९७२ सालीं रंगपूर व दिनाजपूर ह्या जिल्ह्यांत सुरूं केलेलें काम १९९७ सालीं त्या देशाच्याच लोकांच्या स्वतंत्र संस्थेकडे गेलें. ज्या मंडळ्यांनीं पेरलें त्यांनीं पीक आपल्या खळ्यावर ओढून नेलें नाहीं. आणि १९९४ सालीं रेडक्रॉस व इतर संस्थांबरोबर ह्या संघानें एक आचारसंहिता पुढें मांडिली: मदत गरज पाहून द्यावी, जात, धर्म वा राष्ट्र पाहून नव्हे; आणि कोणतेंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढें सारण्यासाठीं तिचा उपयोग करूं नये.

येथें आमच्यांतील कित्येक प्रामाणिक बांधव विचारतील, "मग सुवार्तेचें काय? नांव घ्यावयाचें नाहीं, तर हें काम ख्रिस्ती कसें?" प्रश्न हलका नाहीं. पण ह्या बाबतींत आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस कोणीं शिकवावयास नको. आमच्या अंगावरच तो वळ आहे. १८७६ ते १८७८ आणि १८९६ ते १९०० ह्या वर्षांच्या दुष्काळांत मिशनांनीं आमच्या भागांत अन्न दिलें, अनाथ मुलें संभाळिलीं, पुष्कळ जीव वांचविले. त्याच काळांत पुष्कळांनीं बाप्तिस्मा घेतला. आणि तेव्हांपासून आजवर, "तुम्ही पोटासाठीं धर्म सोडिला," हा टोमणा आमच्या मुलांना शाळेच्या वाटेवर ऐकावा लागतो. आमच्या आजांनीं व पणजांनीं केलेला विश्वास खरा होता, त्यासाठीं त्यांनीं विहिरीवरचा मज्जाव सोसला, नातीं तुटलीं तीं सोसलीं. तरी भाकर व बाप्तिस्मा एकाच हातांतून आले म्हणून त्यांच्या साक्षीवर संशयाची सावली पडली. तेव्हां मदतीला अट लावूं नये हा नियम केवळ परधर्मीयांच्या मानासाठीं आहे असें समजूं नये. तो नव्यानें विश्वास धरणाऱ्याच्या मानासाठींही आहे. ज्याला अन्न घेतांना कोणीं कांहीं विचारिलें नाहीं, तो उद्यां होऊन येशूविषयीं विचारील, तर त्याचा प्रश्न त्याचा स्वतःचा असेल, आणि त्याच्या विश्वासाकडे कोणीं बोट दाखवूं शकणार नाहीं. असें विचारणाऱ्याला उत्तर देण्यास कोणत्याही नियमाची मनाई नाहीं.

आणखी एक गोष्ट ह्या वेगळ्या पेटीनें साधते. अमेरिकेंतील लूथरन मंडळ्या शिक्षणाच्या बाबतींत एकमत नाहींत. मिसूरी सिनड नांवाची मोठी मंडळी लूथरन जागतिक संघांत सामील नाहीं, आणि शिक्षणांत एकमत असल्याखेरीज इतरांबरोबर प्रभुभोजन घेत नाहीं. तरीही बाह्य कार्यांत सहकार्य करण्यास हरकत नाहीं, असा तिचा सिद्धान्त आहे. आणि लूथरन वर्ल्ड रिलीफच्या कार्यांत तिनें पुष्कळ वर्षें इतरांबरोबर हात लाविला. मेज वेगळें असलें तरी पिठाचें पोतें दोघांनीं उचललें. आमच्या तालुक्यांत दोन मिशनांच्या मंडळ्या एकमेकींच्या प्रार्थनेला जात नसतील, तर तेवढ्यावरून एकाच पुरानें वाहून गेलेलीं घरें त्यांनीं निरनिराळीं मोजावीं काय?

पण वेगळ्या पेटींत पैसा कोणाचा, ह्या प्रश्नाला डोळेझांक करून चालणार नाहीं. अमेरिकेंतील लूथरन लोकांनीं १९३९ सालीं निर्वासितांसाठीं सुरूं केलेली एक संस्था आज ग्लोबल रेफ्यूज ह्या नांवानें चालते. तिच्या कामाचा फार मोठा भाग सरकारी पैशावर चाले. २० जानेवारी २०२५ रोजीं नव्या सरकारनें निर्वासितांना देशांत घेणें थांबविलें, पाठोपाठ पैसाही अडविला, आणि संस्थेला आपलीं पुष्कळ माणसें कमी करावीं लागलीं. सरकारचा पैसा घेणें हें पाप आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. लाखों निर्वासितांच्या छावण्या मंडळीच्या आण्यापैशांवर चालत नाहींत. पण जो ओघ दुसऱ्याच्या सहीनें सुरूं होतो तो दुसऱ्याच्या सहीनें बंदही होतो. त्याच देशांत लूथरन मंडळ्यांतील स्त्रिया कित्येक दशकें कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवीत आल्या आहेत, आणि दरसाल त्या लाखोंनीं परदेशांतील गरजूंना जातात. एक गोधडी म्हणजे फार मोठी मदत नव्हे. पण ती शिवतांना त्या मंडळीला, जगांत कोणी थंडींत कुडकुडत आहे, ह्याची आठवण राहते. ती आठवण कोणत्याही सरकारला बंद करितां येत नाहीं.

ह्या सर्वांवरून आमचें मत असें झालें आहे कीं, दयेचें काम मंडळीहून निराळ्या हातांनीं व्हावें, निराळ्या पेटींतून व्हावें, आणि गरजेवांचून दुसरें कांहीं पाहून होऊं नये. परंतु मंडळीनें त्या पेटींत घालणें व तिचा हिशेब विचारणें कधींही सोडूं नये. मंडळीचा हक्क देणाऱ्या हातावर आहे. घेणाऱ्याच्या मनावर तो नाहीं. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांत हें स्पष्ट आहे. त्यानें जखमी माणसाला धर्म विचारिला नाहीं. त्याला उतारशाळेंत नेऊन त्यानें धन्याच्या हातीं दोन नाणीं ठेविलीं, म्हणजे शुश्रूषेचें काम दुसऱ्याच्या हातीं सोंपविलें. पण तो पाठ फिरवून मोकळा झाला नाहीं. परत येईन व जास्त खर्च झाल्यास तो भरीन, असें सांगून गेला. आम्ही पुष्कळ जण नाणीं देतों आणि परत येत नाहीं.

आमच्या खेड्यांतील मंडळ्या लहान आहेत, म्हणून हें त्यांच्या आवांक्याबाहेरचें आहे असें समजूं नये. लाइसनिगही लहानच होतें. कित्येक ठिकाणीं मुष्टिफंडाचें धान्य अजून जमतें, तें उपदेशकाच्या पगारांत न मिसळतां निराळ्या डब्यांत ठेवावें. किल्ल्या दोन असाव्या, आणि त्यांतील एक स्त्रियांच्या सभेकडे असावी. कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं हें त्यांना आधीं कळतें. घेणाऱ्यांचीं नांवें मंदिरांत वाचूं नयेत. हिशेब मात्र वाचावा. आणि गांवांत आग लागली, पूर आला, कर्ता पुरुष गेला, तर पहिली पायली कोणत्या आळींत जावी हें ठरवितांना एवढेंच विचारावें कीं, आज रात्रीं सर्वांत उपाशी कोण निजणार आहे. तें घर आपल्या मंडळीचें नसेल, तर आपल्यांतील कोणी कुरकुरेल. त्याला पंचांनीं रागें भरूं नये. त्याला बरोबर घेऊन जावें, आणि पायली त्याच्या हातानें द्यावी.